एक चाक घुमते, गाडी हलत नाही

सोलापूर जिल्ह्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरच्या आसपास पडतो. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि उसाच्या फडांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या शिरू लागतात. भीमा आणि सीना या नद्यांच्या काठची काळी जमीन पाणी पिऊन फुगलेली असते, वाफसा पुरता आलेला नसतो. अशा वेळी एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. ट्रॅक्टरचे डावे चाक चिखलात गरगर फिरत असते आणि मागे चिखलाचा फवारा उडत असतो. उजवे चाक मात्र कोरड्या, टणक बांधावर उभे असते. ते तसूभरही फिरत नाही आणि ट्रॅक्टरही हलत नाही.

भोवती जमलेली मंडळी म्हणतात, "इंजिनाचा जोर कमी पडतोय." पण नीट विचार करा. जोर कमी असता, तर डावे चाक एवढ्या वेगाने फिरले असते का? आणि इंजिनात जोर आहे, उजव्या चाकाखाली जमीनही चांगली आहे, तर तो जोर त्या चाकाला का मिळत नाही?

नेमका हाच प्रश्न शर्यतीच्या गाडीच्या चालकालाही छळतो. तिथे चिखल नसतो, गुळगुळीत डांबरी रस्ता असतो. तरीही वळणातून बाहेर पडताना त्याने इंजिनाला जोर दिला, की वळणाच्या आतल्या बाजूचे मागचे चाक घुमू लागते आणि गाडी मागे पडते. उसाचा फड आणि शर्यतीचा रस्ता या दोन ठिकाणच्या दुखण्याचे मूळ एकच आहे. ते कोठे आहे आणि कसे शोधावयाचे, हे या लेखात पाहू.

वळणावरचे गणित

प्रथम एक सोपे गणित करू. एका मोटारीच्या डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर १.२ मीटर आहे. तिने रस्त्यावर अर्धे वर्तुळ काढून तोंड फिरवले. वर्तुळाची त्रिज्या गाडीच्या मध्यापर्यंत ६ मीटर धरू. मग बाहेरचे चाक ६.६ मीटर त्रिज्येच्या आणि आतले चाक ५.४ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळावरून जाईल.

बाहेरच्या चाकाचा मार्ग = ३.१४ × ६.६ = २०.७२ मीटर
आतल्या चाकाचा मार्ग = ३.१४ × ५.४ = १६.९६ मीटर
फरक = सुमारे ३.७७ मीटर

चाकाचा व्यास ०.६ मीटर असेल तर त्याचा परीघ ३.१४ × ०.६ = १.८८ मीटर. म्हणजे एवढ्याशा वळणात बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा बरोबर दोन फेरे जास्त घ्यावे लागतात. आता त्रिज्या ६ ऐवजी ६० मीटर घेऊन हेच गणित पुन्हा करा. फरक तेवढाच येईल! कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर अवलंबून आहे.

बैलगाडीला या फरकाची अडचण पडत नाही. तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. चाकांना कोणी फिरवावयाचे नसते, त्यामुळे ज्याला जितके फेरे हवेत तितके ते घेते.

आगगाडीची गोष्ट उलट आहे. तिथे दोन्ही चाके एकाच आसावर पक्की बसवलेली असतात आणि त्यांना बरोबरच फिरावे लागते. कुर्डुवाडी आणि बार्शी यांच्या दरम्यान १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अवघ्या अडीच फूट अंतरावर होते. सोलापूर स्थानकावरून आज धावणाऱ्या गाड्यांच्या रुळांतले अंतर साडेपाच फूट आहे. चाकांची ही रचना दोन्हीकडे सारखीच. आगगाडीच्या चाकाची कड किंचित निमुळती असते. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेर सरकते, त्यामुळे बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर फिरते. या युक्तीने बराचसा फरक भरून निघतो. वळण फार तीव्र असेल तर मात्र चाके रुळावर घसटतात आणि तो कर्कश आवाज आपल्या कानावर येतो.

मोटारीला यांपैकी कोणतीच सोय नाही. तिच्या चाकांना इंजिनाने फिरवावयाचे असते, आणि तरी त्यांना वेगवेगळे फेरे घेण्याची मोकळीकही द्यावयाची असते. ही दोन्ही कामे करणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. आज मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्यात, एवढेच नव्हे तर आपल्या तीनचाकी रिक्षातही ही पेटी असते.

पेटीच्या आत काय असते? इंजिनाकडून येणारा दांडा एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो. त्याला क्राउन म्हणतात. क्राउनला जोडलेली पेटी त्याच्याबरोबर फिरते. पेटीत एका आडव्या खिळीवर लहान दातेरी चाके बसवलेली असतात. त्यांचे दाते दोन्ही बाजूंच्या दोन दातेरी चाकांत अडकलेले असतात आणि ही बाजूची चाके गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांच्या दांड्यांना जोडलेली असतात. गाडी सरळ जात असताना लहान चाके स्वतःभोवती फिरत नाहीत, सारा संच एकसंध फिरतो. वळण आले की ती स्वतःभोवती थोडी फिरतात. मग एका बाजूचा वेग जितका वाढतो, तितकाच दुसऱ्या बाजूचा कमी होतो.

पुठ्ठ्याच्या पट्टीचा प्रयोग

डिफरन्शियलचे मर्म समजण्यासाठी गॅरेजात जावयास नको. घरी पाच मिनिटांत पुढील प्रयोग करून पाहा.

जाड पुठ्ठ्याची ३० सेंटिमीटर लांबीची पट्टी कापा. तिला दोन्ही टोकांजवळ एकेक आणि बरोबर मध्ये एक, अशी तीन भोके पाडा. टोकांच्या भोकांत वीतभर लांबीचे दोरे बांधा. एका दोऱ्याच्या शेवटी दुसरी रिकामी काड्यापेटी आणि दुसऱ्याच्या शेवटी दुसरी तशीच काड्यापेटी बांधा. पट्टी टेबलावर ठेवून मधल्या भोकात पेन्सिलीचे टोक घाला आणि हळूच सरळ पुढे ओढा. दोन्ही पेट्या सारख्याच पुढे येतील. ही झाली सरळ रस्त्यावरची गाडी.

आता एक काड्यापेटी सोडून तिच्या जागी पाच-सहा जाड पुस्तकांचा गठ्ठा बांधा आणि पुन्हा ओढा. पुस्तके जागची हलणार नाहीत. पट्टी तिरपी होईल आणि काड्यापेटी मात्र भराभर पुढे येईल. पेन्सिल ५ सेंटिमीटर सरकली असेल तर काड्यापेटी सुमारे १० सेंटिमीटर सरकलेली आढळेल.

यातून दोन नियम हाती येतात.

पहिला नियम वेगाचा: मध्याचा वेग हा दोन टोकांच्या वेगांची सरासरी असतो. एक टोक थांबले की दुसरे दुप्पट वेगाने जाते.

दुसरा नियम जोराचा: पट्टी मध्यावर मोकळी फिरू शकते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांवरचे ओढ सारखेच असावे लागतात. तराजूच्या दांडीचेही असेच असते. काड्यापेटी जितका अडथळा करते, तेवढाच ओढ पुस्तकांनाही मिळतो, त्याहून जास्त नाही. तुम्ही कितीही ताकदीचे असा, काड्यापेटी हलकी आहे तोवर तुमची ताकद पुस्तकांपर्यंत पोहोचतच नाही.

पेन्सिल म्हणजे पेटीतली आडवी खिळी, पट्टी म्हणजे लहान दातेरी चाक, आणि दोन दोरे म्हणजे दोन चाकांकडे जाणारे दांडे. चाके फिरवणाऱ्या या जोराला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देते. हा त्याचा गुण आहे आणि हाच त्याचा दोषही आहे.

चिखलातला हिशेब

आता फडातल्या ट्रॅक्टरकडे वळू. हिशेबाच्या सोयीसाठी मागच्या प्रत्येक चाकावर ८००० न्यूटन भार धरू. कोरड्या बांधावर घर्षणांक ०.६ आणि ओल्या चिखलात ०.१ धरू.

उजवे चाक जमिनीला जास्तीत जास्त ८००० × ०.६ = ४८०० न्यूटन रेटा देऊ शकते.
डावे चाक जास्तीत जास्त ८००० × ०.१ = ८०० न्यूटन रेटा देऊ शकते.

पण डिफरन्शियल दोघांना सारखेच देणार. डावे चाक ८०० न्यूटनलाच सुटते आणि घुमू लागते. म्हणून उजव्यालाही ८०० न्यूटनच मिळतात. एकूण रेटा १६०० न्यूटन. उजव्या चाकाची ४८०० न्यूटनची ऐपत तशीच पडून राहते. इंजिनाचा जोर वाढवला तर डावे चाक आणखी वेगाने फिरेल आणि आणखी खोल रुतेल, एवढेच.

यावर ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी दोन उपाय दिलेले आहेत. पहिला उपाय डिफरन्शियल लॉकचा. बहुतेक ट्रॅक्टरांवर चालकाच्या टाचेजवळ यासाठी एक पेडल असते. ते दाबले की डिफरन्शियलची मोकळीक बंद होते आणि आगगाडीसारखी दोन्ही चाके बरोबर फिरू लागतात. मग एकूण रेटा ४८०० + ८०० = ५६०० न्यूटन होतो, म्हणजे पूर्वीच्या साडेतीन पट!

दुसरा उपाय अधिक गमतीचा आहे. ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. घुमणाऱ्या डाव्या चाकाचा ब्रेक बेताने दाबला आणि त्याने २००० न्यूटनइतका अडथळा केला असे समजा. आता डावी बाजू चिखलाचे ८०० आणि ब्रेकचे २०००, असा एकूण २८०० न्यूटनचा विरोध करते. साहजिकच उजव्या बाजूलाही २८०० न्यूटन मिळतात. जमिनीवर एकूण रेटा ८०० + २८०० = ३६०० न्यूटन झाला. म्हणजे ब्रेक दाबल्याने गाडी पुढे जाते! अलीकडच्या अनेक मोटारींत घुमणाऱ्या चाकाला संगणक आपोआप ब्रेक लावतो. त्यामागचे तत्त्व हेच आहे. अर्थात ब्रेकमध्ये इंजिनाची काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, हे विसरू नका.

शर्यतीच्या गाडीचे आतले चाक

शर्यतीच्या रस्त्यावर चिखल नसतो, मग चाक का घुमते? उत्तर भारात आहे. गाडी वेगाने वळताना भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. एस. टी. बस जोरात वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, तसेच. बाहेर जाणारा भार असा काढतात: गाडीचे वस्तुमान, वळणातले त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करावयाचा आणि त्याला दोन चाकांमधल्या अंतराने भागावयाचे.

कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या रस्त्यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा भरत आली आहे. तीत महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन उतरतात. तशा एका छोट्या गाडीसाठी सोपे आकडे घेऊ. चालकासह वस्तुमान ३०० किलोग्रॅम, त्वरण दर सेकंदास दर सेकंदास १२ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.३ मीटर, चाकांमधले अंतर १.२ मीटर.

सरकणारा भार = ३०० × १२ × ०.३ ÷ १.२ = ९०० न्यूटन

यातला निम्मा, म्हणजे ४५० न्यूटन, मागच्या चाकांच्या वाट्याला आला असे धरू. उभ्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकावर ७५० न्यूटन भार असेल, तर वळणात आतल्या चाकावर ३०० आणि बाहेरच्यावर १२०० न्यूटन उरतो. बाहेरचे चाक आतल्याच्या चौपट रेटा देऊ शकते, पण साधे डिफरन्शियल दोघांना सारखेच देते! म्हणून उपयोगात येतात ३०० चे दोन वाटे, म्हणजे १५०० पैकी फक्त ६००. उरलेली साठ टक्के ऐपत फुकट जाते. (चाकाची काही पकड गाडीला वळणात धरून ठेवण्यात खर्च होते आणि उरलेलीच पुढे रेटण्यास मिळते. पण मुद्दा कळण्यास वरचा हिशेब पुरेसा आहे.)

मग ट्रॅक्टरप्रमाणे सरळ लॉक का करू नये? कारण लॉक केलेल्या चाकांना वळणात वेगवेगळे फेरे घेता येत नाहीत. गाडी सरळच जाऊ पाहते, टायर घासतात आणि दांड्यांवर ताण येतो. म्हणजे मोकळीकही हवी आणि बंधनही हवे.

यावरचा मधला मार्ग म्हणजे मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल. १९३५ साली फर्डिनंड पोर्श यांनी ऑटो युनियन या जर्मन शर्यतगाडीसाठी झेडएफ या कारखान्याकडून असे डिफरन्शियल बनवून घेतले. त्या गाडीच्या इंजिनाचा जोर इतका होता की ताशी १६० किलोमीटर वेगापर्यंतही मागचे एक चाक घुमत असे.

या पेटीत बाजूच्या दातेरी चाकांना लागून घर्षण-चकत्या बसवलेल्या असतात. चकत्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की दोन बाजूंना एकमेकींपेक्षा वेगळ्या वेगाने फिरणे अवघड जाते. चकत्या दाबण्याचे काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे स्प्रिंगचा कायमचा दाब, आणि दुसरा, इंजिनाच्या टॉर्कबरोबर वाढत जाणारा दाब. पट्टीच्या प्रयोगात मधल्या भोकात पेन्सिल घालण्याऐवजी पट्टीचा मध्य अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत घट्ट धरा आणि ओढा. आता पट्टी सहज तिरपी होत नाही आणि पुस्तकांवरचा ओढ वाढतो. तुमची चिमूट म्हणजेच त्या चकत्या.

असे डिफरन्शियल घट्ट चाकाला सुटणाऱ्या चाकाच्या फार तर किती पट टॉर्क देऊ शकते, तो आकडा महत्त्वाचा असतो. समजा तो अडीच आहे. मग वरच्या उदाहरणात आतल्या चाकाचे ३०० आणि बाहेरच्याचे ७५०, असे १०५० न्यूटनच्या ऐपतीइतके काम होईल. ६०० वरून १०५०! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आतले चाक जमिनीवरून पुरते उचलले गेले तर त्याचा विरोध शून्य होतो, आणि शून्याची अडीचपट शून्यच. त्या वेळी उपयोगी पडतो तो फक्त स्प्रिंगचा कायमचा दाब.

रोगाचे निदान

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. चालक सांगतो, "वळणातून निघताना इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही." काय बिघडले आहे? ताप आला म्हणून चांगला डॉक्टर लगेच औषध देत नाही, आधी तपासणी करतो. इथेही पायरी-पायरीने गेले पाहिजे.

पहिली पायरी: चाक घुमते की क्लच घसरतो? दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी काढा. इंजिनाच्या फेऱ्यांवरून येणाऱ्या वेगाशी ती जुळली, तर क्लच ठीक आहे आणि घसरण चाकांपाशी आहे. जुळली नाही, तर दोष क्लचमध्ये आहे. तसे असेल तर डिफरन्शियल उघडण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: एक चाक घुमते की दोन्ही? समजा गाडी प्रत्यक्षात ताशी ३६ किलोमीटर जात आहे आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरून हिशेब ताशी ४५ किलोमीटरचा येतो. वेगाच्या नियमाप्रमाणे दोन्ही चाकांची सरासरी ४५ आहे. बाहेरचे चाक न घसरता ३६ ने जात असेल, तर आतले ५४ ने फिरत असले पाहिजे, कारण ३६ आणि ५४ यांची सरासरी ४५. पण दोन्ही चाके ४५ ने घुमत असतील तरीही सरासरी ४५ च! म्हणजे इंजिनाला फक्त सरासरी कळते. केवळ फेरे पाहून निदान होणार नाही, प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी हल्ली संवेदक वापरतात. ते नसले तरी रस्ता साक्ष देतो. रबराचा एक काळा पट्टा दिसला तर एक चाक घुमले, दोन दिसले तर दोन्ही.

तिसरी पायरी: दोन्ही चाके घुमत असतील तर डिफरन्शियल आपले काम चोख करीत आहे. पकडीपेक्षा जोर जास्त झाला आहे. टायर सुधारा किंवा चालकाने जोर सावकाश वाढवावा. इथे डिफरन्शियल आणखी घट्ट केले तर काहीच लाभ नाही.

चौथी पायरी: आतले एकटेच घुमत असेल, तर पुन्हा दोन शक्यता आहेत. डिफरन्शियल ढिले झाले आहे, किंवा ते चांगले आहे पण आतले चाक प्रमाणाबाहेर हलके होत आहे. वळणाजवळ उभे राहून गाडीचे चित्रण करा. आतले चाक रस्त्यावरून उचलले जाताना दिसले तर लक्ष स्प्रिंगांकडे वळवा. मागच्या दोन चाकांना जोडणारी, गाडीचे कलणे रोखणारी दांडी फार ताठ असली तर मागचे आतले चाक हलके होते. ती थोडी नरम केली की भार बदलण्याचा मोठा वाटा पुढची चाके उचलतात.

पाचवी पायरी: चाक जमिनीवर टेकलेले असूनही घुमते, तर डिफरन्शियलची परीक्षा घ्या. ही परीक्षा अनुभवी माणसानेच करावयाची असते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे ओट लावलेले, आणि मागचे एकच चाक भक्कम टेकूवर उचललेले. मग टॉर्क मोजणाऱ्या पान्याने ते चाक फिरवावयाचे आणि ते किती टॉर्कला हलते ते पाहावयाचे. बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा बराच कमी आला, तर चकत्या झिजल्या आहेत किंवा स्प्रिंग बसल्या आहेत. चुकीचे तेल घातल्यानेही चकत्यांचे घर्षण बदलते, म्हणून तेलाची चौकशी आधी करावी. ती सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

या साऱ्यात एक पथ्य पाळावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेल, स्प्रिंग आणि टायर एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेत तुम्ही हेच शिकता.

ट्रॅक्टरलाही हीच शिडी लागू पडते. एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियल लॉक उपयोगी पडेल. दोन्ही फिरत असतील तर लॉकने काही होणार नाही. मग ट्रॉली सोडावी, भार कमी करावा, किंवा जमिनीला वाफसा येण्याची वाट पाहावी. लॉक लावण्यापूर्वी फिरते चाक थांबू द्यावे, गाडी सरळ ठेवावी आणि वळण्यापूर्वी लॉक सोडावा.

एक गंभीर इशारा

रुतलेला ट्रॅक्टर काढण्यासाठी कोणी कोणी मागच्या चाकांना लाकडी ओंडका साखळीने बांधतात. चाक फिरेल, ओंडका जमिनीत रुतेल आणि ट्रॅक्टर वर येईल, असा त्यांचा होरा असतो. हे अतिशय धोक्याचे आहे. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. इंजिन चाकाला पुढच्या दिशेने फिरवते, तेव्हा तेवढाच टॉर्क ट्रॅक्टरच्या धडाला उलट दिशेने मिळतो. चाक फिरूच शकले नाही, तर चाकाऐवजी धड आसाभोवती फिरू लागते. पुढची चाके उचलली जातात आणि सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटू शकतो. एवढ्या वेळात उडी मारणेही जमत नाही.

ओंडक्याऐवजी प्रथम उलट गिअरमध्ये हळूहळू मागे येण्याचा प्रयत्न करावा. ते न जमल्यास ट्रॉली सोडून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी त्याच्या खालच्या ओढदांडीलाच बांधावी, आसाला किंवा त्याहून वर कधीही बांधू नये. साखळी तुटून झपकन मागे येऊ शकते, म्हणून सर्वांनी दूर उभे राहावे.

तसेच मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल असलेल्या मोटारीचे एक चाक उचलून इंजिन गिअरमध्ये चालू करू नये. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेले चाक नुसते फिरते. इथे मात्र जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी टेकूवरून उडी घेते.

करून पाहा

१. मोकळ्या पक्क्या रस्त्यावर, वडील माणसांच्या देखरेखीखाली आणि ट्रॅक्टरपासून दूर उभे राहून, मागच्या चाकावर आधी काढून ठेवलेली खडूची खूण पाहा. दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजा. मग शेतात नांगर ओढताना दहा फेऱ्यांचे अंतर मोजा. रस्त्यावर ४० मीटर आणि शेतात ३४ मीटर आले, तर घसरण ६ ÷ ४० = १५ टक्के झाली. नांगरताना साधारण १० ते १५ टक्के घसरण चालते. फार जास्त असेल तर डिझेल चिखल घुसळण्यात जात आहे.

२. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लोखंडी वजने लावतात किंवा टायरमध्ये पाणी भरतात. वरच्या हिशेबात प्रत्येक चाकावरचा भार ८००० ऐवजी १०००० न्यूटन घ्या. साध्या आणि लॉक केलेल्या डिफरन्शियलने एकूण रेटा किती होईल? जास्त वजनाने मऊ जमिनीचे काय नुकसान होईल, याचाही विचार करा.

३. छोट्या गो-कार्ट गाडीला डिफरन्शियल नसते. मागची दोन्ही चाके एकाच आसावर पक्की असतात. तरीही ती वळते कशी? (सूचना: वळताना मागचे आतले चाक किंचित उचलले जाते.) शर्यतीच्या मोटारीत जो दोष, तोच इथे गुण कसा ठरतो?

शिक्षकांसाठी: पट्टीचा प्रयोग आठवीच्या मुलांकडूनही करून घेता येतो. मधले भोक मध्यापासून थोडे बाजूला पाडले तर दोन टोकांचे ओढ सारखे राहतील काय, हा प्रश्न तरफेचा धडा शिकवताना विचारावा. उत्तर आधी मुलांना वर्तवू द्यावे आणि मगच पट्टी ओढावी.